खुर्चीवरचा खोका

निवृत्तीच्या दिवशी पुकाऱ्याला सत्कारात भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते काखोटीला मारून तो घरी आला तेव्हा बायकोनं आधी घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"ह्याला खिळा आहे," ती म्हणाली. "तुम्हाला कुठे टांगू?"

प्रश्न रास्त होता. छत्तीस वर्षं हा गृहस्थ कोर्टाच्या दाराशी उभा. न्यायाधीश आत यायच्या आधी "उठाऽ!" अशी आरोळी ठोकायची, खटल्याचा नंबर आला की पॅसेजकडे तोंड करून तीनदा "हाजिर होऽ!" म्हणून नावं पुकारायची, आणि मधल्या वेळात कोणी कुजबुजलं तर "शांत राहा!" म्हणून दटावायचं. वकिलांनी ठेवलेलं 'पुकारा' हे नाव त्याला असं चिकटलं, की सासुरवाडीची माणसंही पाठीमागे तेच म्हणत. आवाज एवढा खणखणीत, की त्यानं दुसऱ्या मजल्यावरून कुणाला हाक मारली तर रस्त्यातली तिऱ्हाईत माणसं दचकून मागे वळत, आपल्या नावावर काही निघालंय की काय म्हणून. घरात मात्र त्या आवाजाला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून बंदी होती.

महिनाभर त्याला घरात सहन केल्यावर बायकोनं वर्तमानपत्रातली जाहिरात पुढे सरकवली. विद्यापीठात साठी उलटलेल्यांना फी माफ, कुठल्याही वर्गाला बसा.

"विषय कुठला घेऊ?"

"कुठलाही घ्या. मंगळवार-गुरुवार अकरा ते एक, एवढं बघा."

त्या वेळेला जो वर्ग होता त्याचं नाव 'यहुदी परंपरा आणि सामाजिक न्याय'. पहिल्या दोन शब्दांतलं पुकाऱ्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण शेवटचा शब्द ओळखीचा निघाला. छत्तीस वर्षं ज्याच्या दाराशी उभं राहून काढली, त्याच्या आत काय असतं ते एकदा बघून घ्यावं, असं त्याला वाटलं.

वर्गात चौदा जण, त्यातले तेरा पंचविशीच्या आतले. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, चणीनं बारीक, स्वतः यहुदी. चष्मा कपाळावर ठेवून टेबलावर शोधायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "आमच्याकडे एकट्यानं मनातल्या मनात अभ्यास करत नाहीत. दोघांनी बसायचं, मोठ्यानं वाचायचं आणि भांडायचं. जोडीदार 'हो ला हो' करायला लागला, तर खुशाल बदला."

पुकाऱ्याच्या वाट्याला आली ती मुलगी वकील व्हायला निघालेली. वाक्याच्या सुरुवातीलाच "हरकत आहे" म्हणायची खोड, म्हणून वर्गानं तिचं नाव हरकत ठेवलेलं. तिच्याशी जोडी जमवायला दुसरं कोणी धजत नव्हतं. पुकाऱ्यानं आयुष्यभर वकील पाहिले होते, त्याला काही वाटलं नाही. तिला मात्र वाटलं, कारण पहिल्या दिवशी ती तावातावानं बोलायला लागली तेव्हा तो सवयीनं "शांत राहा!" म्हणाला आणि खिडकीच्या काचा थरथरल्या.

"आजोबा," ती म्हणाली, "इथं शांत राहिलं तर नापास करतात."

दुसऱ्या आठवड्यात जुन्या यहुदी न्यायशास्त्र्यांचे काही नियम वाचायला आले. हरकत वाचत होती, पुकारा ऐकत होता. दोन पक्ष कोर्टापुढे आले, तर एकाला बसवून दुसऱ्याला उभं ठेवायचं नाही. बसतील तर दोघं, उभे राहतील तर दोघं. एकाला पोटभर बोलू द्यायचं आणि दुसऱ्याला 'आटप' म्हणायचं, तेही नाही. एक जण भारी कपड्यांत आणि दुसरा फाटक्यांत आला, तर भारीवाल्याला बजावायचं, की त्याला तुझ्यासारखे घाल, नाहीतर तू त्याच्यासारखे घालून ये.

"सुंदर आहे ना?" हरकत म्हणाली. "तुमच्या कोर्टात काय असायचं?"

पुकाऱ्याच्या कोर्टात दाराबाहेर चार खुर्च्या असत आणि त्या त्याच्या ताब्यात होत्या. कुणाला द्यायच्या हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं, तो पायांकडे बघून ठरवत असे. बूट चकाकत असतील तर "या, बसा". टाच झिजलेली चप्पल असेल तर "भिंतीला लागून उभं राहायचं, रस्ता अडवायचा नाही". एक म्हातारी भाडेकरूच्या खटल्यात तीन तारखांना सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या भिंतीला लागून उभी होती. चौथ्या तारखेला तिथंच घसरत खाली बसली तेव्हा ह्यानं तिला दटावलं होतं. हे सगळं त्याला लख्ख आठवलं आणि कानशिलं तापली.

"छत्तीस वर्षांत," तो शेवटी म्हणाला, "अकरा न्यायाधीश आले आणि गेले. एकाच्या तोंडून निघालं नाही, की अरे, त्या बाईला बसव! आणि हे इकडे केव्हाचं लिहून ठेवलंय? मग मला का नाही कुणी सांगितलं?"

"तुम्हाला दिसत नव्हतं?"

असली जोडीदारीण! तो घरी गेला तो तणतणतच. जेवायला बसल्यावर बायकोला त्यानं सगळं सांगितलं, हातवारे करून, जगाच्या अन्यायावर बोटं मोडून. एकानं बसायचं आणि दुसऱ्यानं उभं राहायचं, ही काय रीत झाली?

"खरंय," बायको वाढता वाढता म्हणाली. "चाळीस वर्षं मी हीच रीत बघतेय."

पुकाऱ्याचा घास हातातच राहिला. त्या दिवसापासून तो आपलं ताट आपण वाढून घेऊ लागला आणि स्वयंपाकघरात रोज काहीतरी सांडू लागला. बायकोनं विद्यापीठाला दुवा द्यावा की शिव्या, हे तिचं तिला ठरेना.

आता मुख्य गोष्ट. पाचव्या आठवड्यात कुलसचिव साहेब वर्ग बघायला आले. विद्यापीठाचा सगळा कारभार ह्यांच्या सहीनं चालतो आणि माणूस खोलीत शिरायच्या आधी त्यांचं पोट शिरतं. आगाऊ न कळवता दारात येऊन उभे. बाई त्याच नियमावर बोलत होत्या, बसतील तर दोघं. खोलीत मोकळी खुर्ची एकच, दाराजवळची, आणि तिच्यावर एक पुठ्ठ्याचा खोका ठेवलेला.

पुकारा केव्हा उठला हे त्याचं त्यालाच कळलं नाही. पायांना सवय होती. चकाकते बूट दिसले, झालं! खोका उचलून त्यानं खाली ठेवला, दाराच्या कोपऱ्यात, कचऱ्याच्या टोपलीला लागून. खिशातला रुमाल काढून खुर्ची पुसली आणि किंचित वाकून म्हणाला, "या, बसा साहेब." साहेब बसले. बघितलं-न बघितल्यासारखं करून दहा मिनिटांत उठूनही गेले. हरकतनं पुकाऱ्याकडे अशी नजर टाकली की बस्स. तो ओशाळला, आणि त्या ओशाळण्यात खोका परत वर ठेवायचं राहून गेलं.

पुढच्या मंगळवारी बाई वर्गात आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. त्या खोक्यात त्यांच्या आजोबांची प्रार्थनेची पुस्तकं होती, झिजून पानं सुटलेली. त्यांच्यात देवाचं नाव लिहिलेलं पान फेकत नाहीत. ग्रंथ निकामी झाला की माणसाला पुरावं तसा मातीत पुरतात. त्या रविवारी बाई तेच करायला जाणार होत्या. आणि सफाईवाल्या मावशींनी खोका कचऱ्यात टाकला. कचरागाडी गेली, कागद यंत्रात जाऊन त्यांचा लगदाही झाला.

"चौकशी लावली आहे," बाई म्हणाल्या. "मला कुणाचं वाईट करायचं नाही. पण खोक्यावर मी स्पष्ट लिहिलं होतं, 'टाकू नये, पुरायचे आहे' म्हणून."

"स्पष्ट म्हणजे?" हरकतनं विचारलं.

"म्हणजे... हिब्रूत."

त्या अख्ख्या इमारतीत हिब्रू वाचता येणारं माणूस एकच होतं आणि ते फळ्यासमोर उभं होतं. आता सांगा! न्यायावर रकाने भरून लिहिणारी बाई, पण लेबल लिहिताना तो खोका कोण उचलणार, हे तिच्या मनातही आलं नाही. ज्यानं खोका कचऱ्याच्या टोपलीशी नेऊन ठेवला तो गृहस्थ तिसऱ्या बाकावर बसून आपल्या बुटांकडे बघत होता.

पुकाऱ्यानं तोंड उघडलं नाही. मनाशी त्यानं बरीच वकिली केली. मी काय, नुसता बाजूला ठेवला. टाकला थोडाच? बोललो तर ह्या वयात वर्गातून हाकलतील. बायको म्हणेल, तिथंही टिकला नाहीत. आणि मावशी काय, कायम नोकरीतली बाई, फार तर बोलणी खाईल. असं करत करत आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत मावशी त्याला तीनदा जिन्यात भेटली. निळा गणवेश, हातात पुसायचा दांडा, चेहरा उतरलेला. एकदा त्याला "सांभाळून, ओलं आहे" म्हणाली. तो सांभाळून गेला.

आठव्या दिवशी, बुधवारी, तो आणि हरकत ग्रंथालयात गुरुवारचा पाठ वाचायला बसले. कुजबुजत भांडायचं कसब दोघांना साधलं होतं. हरकतनं वाचलं: गुरू न्याय करायला बसले असतील आणि शेजारी बसलेल्या शिष्याला गरिबाच्या बाजूचं काही दिसलं, तर त्यानं गुरूचा मान म्हणून गप्प बसू नये. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणंच.

"हरकत आहे," ती म्हणाली. "हे काही खरं नाही. न बोलणं आणि खोटं बोलणं ह्यात फरक आहे. कायद्यात तर मोठा फरक आहे. तुमचं काय म्हणणं?"

"फरक नाही," पुकारा म्हणाला.

"असं कसं? समजा एका माणसानं नुसतं पाहिलंय..."

"पोरी, फरक नाही म्हणतो ना! तो खोका मी ठेवला टोपलीपाशी!"

हे तो त्याच्या कोर्टातल्या आवाजात म्हणाला. ग्रंथपालाच्या हातातला शिक्का खाली पडला.

हरकतनं वही मिटली. "उद्या वर्गाआधी, दहाला सुनावणी आहे. मावशींना काढायचं ठरल्यात जमा आहे. आणि तुम्ही मला आठ दिवस न्याय समजावून सांगताय? कमाल आहे तुमची."

सुनावणी कुलसचिवांच्या दालनात. लांबलचक टेबल, त्यामागे साहेब आणि समितीचे तिघं जण. बाजूच्या गादीच्या खुर्चीवर बाई, तक्रार त्यांची म्हणून. आणि दाराजवळ, भिंतीला लागून, मावशी उभी. नेमकी भिंतीला लागून! खोलीत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बाई अर्धा तास बोलल्या होत्या. मावशीनं "साहेब, तो टोपलीच्या..." एवढं म्हटलं होतं, तेवढ्यात साहेबांनी हात वर केला होता, "थोडक्यात." मग थोडक्यात म्हणण्यासारखं तिच्याकडे काही उरलं नाही.

पुकारा इस्त्रीचा कोट घालून आत गेला आणि म्हणाला, मला साक्ष द्यायची आहे. साहेबांनी कोट पाहिला. "या, बसा," ते म्हणाले.

तेच दोन शब्द. पुकाऱ्याच्या डोक्यात काहीतरी तडकलं.

"बाईंना आधी बसवा," तो मावशीकडे बोट करून म्हणाला.

"त्यांची गरज नाही. त्यांना सवय आहे. तुम्ही बसा, वेळ जातोय."

"सवय आहे?" पुकारा म्हणाला. "सवय आहे!" त्यानं बाईंकडे पाहिलं. बाईंची नजर मावशीच्या पायांकडे गेली, मग स्वतःच्या खुर्चीच्या हातांकडे, आणि त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. पण उठायला त्यांना क्षणभर उशीर झाला. पुकाऱ्यानं तेवढीही वाट बघितली नाही. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि छत्तीस वर्षांत रोज सकाळी साडेदहाला जी दिली, ती आरोळी दिली.

"उठाऽऽऽ!"

आणि सगळे उठले हो! साहेब उठले, समितीचे तिघं उठले, बाई उठल्या, शेजारच्या खोलीतल्या टायपिस्टही उठल्याचं नंतर कळलं. त्या आवाजापुढे बसून राहायची माणसाची टाप नव्हती. साहेबांना आपण का उठलो हे कळेना आणि आता बसावं कसं तेही कळेना.

"आता सगळे उभे आहेत," पुकारा म्हणाला. "आता मावशीला विचारा. आणि पोटभर बोलू द्या."

कोणी विचारायच्या आत मावशीच बोलली. "काय पोटभर बोलायचं, साहेब? टोपलीशेजारी असतं ते मी नेते. तसं मला पहिल्या दिवशी सांगितलेलं आहे, सुपरवायझरनं लिहून दिलेलं आहे. खोका टोपलीला चिकटून होता. वर कसल्या रेघोट्या होत्या, मला वाटलं पोरांनी काढल्या. झालं."

"खोका खुर्चीवर होता," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"होता," पुकारा म्हणाला. "मी खाली ठेवला. ह्यांच्यासाठी." त्यानं कुलसचिवांकडे हात केला. "साहेब, तुम्ही आलात, बसायला जागा नव्हती. मी खोका उचलला, खुर्ची पुसली, तुम्ही बसलात. तुमच्या डोळ्यांदेखत झालं. त्या खुर्चीवर आधी काय होतं, ते कुठे गेलं, एकदा तरी बघितलंत? नाही बघितलंत. आणि त्याच पायी ही बाई तुमच्यासमोर उभी! तिला काढायचं असेल तर आधी मला काढा, मग स्वतःला काढा, आणि मग ज्यांनी हिब्रूत लेबल लावलं त्यांचंही बघा!"

साहेब 'हे रेकॉर्डवर घ्यायची गरज नाही' असं काहीतरी पुटपुटले. बाई पुढे आल्या. "घ्या रेकॉर्डवर. माझी तक्रार मी मागे घेते. मला राग कुणाचा आला होता आणि तक्रार मी कुणाची केली..."

पॅसेजमध्ये आल्यावर पुकाऱ्याची छाती जरा फुगलेली होती, खोटं कशाला सांगू. मावशी मागून बाहेर आली. ती आभार मानेल अशी त्याची समजूत.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?" तिनं विचारलं.

"म्हणजे... हो."

"आठ दिवस?" तिचा आवाज चढला. "आठ दिवस मला घास गेला नाही. सुपरवायझर मला चोरासारखं वागवतोय. मी तुम्हाला जिन्यात भेटले, ओलं आहे म्हणाले, आणि तुम्ही मान हलवून गेलात! आता आलात मला खुर्ची द्यायला. खुर्ची कुणी मागितली होती? एवढा मोठा आवाज देवानं दिला तुम्हाला, पहिल्या दिवशी काय घशात अडकला होता?"

पुकाऱ्याला कोर्टात कोणी असं झापलं नव्हतं.

गोष्ट इथं संपली असती, पण साहेब लोकांना उठवलेलं विसरत नाहीत. सोमवारी मावशीच्या हातात कागद पडला. नोकरी राहिली होती, पण 'साहित्य हलवण्याबाबत निष्काळजीपणाची नोंद' तिच्या नावावर घेतली होती. पुढच्या वर्षी कायमच्या बायकांत कपात होणार होती आणि जिच्या नावावर नोंद ती पहिली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खोका हलवणाऱ्याच्या नावावर काही नाही. त्या खुर्चीवर बसलेल्याच्या नावावर तर काहीच नाही. खाली सही त्याचीच!

कागद वाचून पुकारा लाल झाला. मंगळवारी सकाळी दहाला तो कुलसचिवांच्या दालनाबाहेर जाऊन उभा राहिला, पॅसेजकडे तोंड केलं, आणि पुकारलं.

"कुलसचिव साहेब हाजिर होऽऽ! हाजिर होऽऽ! हाजिर होऽऽ!"

तीनदा. जास्त नाही, कमी नाही. मग निघून गेला. बुधवारी परत. गुरुवारी परत. पहारेकरी आला, तर पुकारा म्हणाला, "मी कुठे आत जातोय? मी फक्त बोलावतोय." पोरं दहाच्या ठोक्याला जिन्यात जमायला लागली. साहेब मागच्या दारानं येऊ लागले, मग साडेदहाला येऊ लागले, तर पुकाराही साडेदहाला येऊ लागला. शुक्रवारी हरकत कागदांची फाईल घेऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. सोमवारी बाई आल्या, चष्मा कपाळावर, आणि दुसऱ्या बाजूला उभ्या राहिल्या. त्यांच्या दंडावर काळी फीत होती, पुस्तकांसाठी, असं हरकत म्हणाली.

घरी बायकोनं विचारलं, "किती दिवस हे?"

"आठ," पुकारा म्हणाला. "मी गप्प बसलो तेवढे तरी."

सहाव्या दिवशी, मंगळवारी, साहेबांनी नोंद रद्द केल्याचं पत्र मावशीला दिलं. पत्रात कारण लिहिलं होतं, 'तांत्रिक त्रुटी'. माफीचा शब्द शोधूनही सापडत नव्हता. मावशीनं ते पत्र घडी करून गणवेशाच्या खिशात ठेवलं आणि लादी पुसायला लागली.

सातव्या दिवशी पुकारा साडेदहाला पुन्हा हजर. पॅसेजकडे तोंड करून त्यानं श्वास भरून घेतला.

"अहो," मावशी दांडा थांबवून म्हणाली, "मिळालं पत्र. पुरे आता."

"तांत्रिक त्रुटी म्हणे!" पुकारा म्हणाला. "त्रुटीला काय पाय होते? आठ दिवस म्हणजे आठ."

मावशीनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग भिंतीशी असलेलं स्वतःचं स्टूल पायानं त्याच्याकडे सरकवलं.

"मग पुकारा. पण झालं की बसा इथं, लादी वाळेपर्यंत. ओल्यात पाय ठेवलात तर ह्या वेळी नोंद मी करीन."